शिक्षेचा सौदा आणि गैरहजर फिर्यादी

अमेरिकेतल्या एखाद्या खेळाडूने लैंगिक अत्याचार केल्याचे सिद्ध झाले किंवा त्याने तसे कबूल केले, आणि तरीही त्याला प्रोबेशन (तुरुंगाऐवजी देखरेखीखालची मोकळीक) व काही तासांची समाजसेवा एवढ्यावर सोडण्यात आले, अशी बातमी आली की मुंबईतल्या सुशिक्षित वर्तुळात दोन प्रतिक्रिया हमखास ऐकू येतात. पहिली संतापाची असते: पोराला पोहता येते किंवा चेंडू फेकता येतो, म्हणून त्याला सूट का? दुसरी समाधानाची असते: निदान आपल्याकडे तरी कायद्याने असला सौदा करता येत नाही. यातला संताप रास्त आहे, पण तो बहुतेक वेळा भलत्याच ठिकाणी जाऊन आदळतो. आणि समाधानाला तर फारसा आधारच नाही, असे माझे मत आहे.

आधी सौद्याविषयी. आरोपीने गुन्हा कबूल करायचा, त्या बदल्यात सरकारी पक्षाने आरोप सौम्य करायचा किंवा कमी शिक्षेची शिफारस करायची आणि खटल्याची दगदग, खर्च व अनिश्चितता दोन्ही बाजूंनी टाळायची, असा हा व्यवहार असतो. अमेरिकेत तो अपवाद म्हणून होत नाही, तोच तिथला राजमार्ग आहे. २०१२ साली ‘मिसूरी विरुद्ध फ्राय’ या निकालात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेच नमूद केले की संघराज्याच्या न्यायालयांतील ९७ टक्के आणि राज्यांच्या न्यायालयांतील ९४ टक्के दोषसिद्धी आरोपीच्या कबुलीतून येतात. तेव्हा खेळाडूंसाठी तिथे एखादे खास दार उघडले जाते अशी समजूत करून घेण्यात अर्थ नाही. दार सगळ्यांनाच उघडे असते. आत जाताना कोणाबरोबर कसा वकील आहे आणि कोणाच्या बाजूने गावातली किती वजनदार माणसे पत्रे लिहितात, यावर पुढचे ठरते.

आयडाहो राज्यातल्या डीट्रिच या लहानशा गावातले प्रकरण या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखे आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये तिथल्या शाळेच्या फुटबॉल संघातल्या मुलांनी बौद्धिक अक्षमता असलेल्या एका कृष्णवर्णीय सहखेळाडूवर लॉकर रूममध्ये कपड्यांच्या हँगरने अत्याचार केला. मुख्य आरोपीवर सुरुवातीला लैंगिक गुन्ह्याचा आरोप होता. वाटाघाटींनंतर तो मागे घेण्यात आला आणि त्या जागी ‘बालकाला इजा’ हा आरोप आला. तोही आरोपीने अशा पद्धतीने स्वीकारला की गुन्हा केला असे म्हणायचे नाही, पण आपल्याला दोषी ठरवायला पुरावा पुरेसा आहे एवढे मान्य करायचे. फेब्रुवारी २०१७ मध्ये त्याला तीन वर्षांचे प्रोबेशन आणि ३०० तासांची समाजसेवा सुनावण्यात आली. लोक चिडले ते तुरुंगवास झाला नाही म्हणून. माझ्या दृष्टीने त्याहून गंभीर बाब अशी की त्या मुलावर जे घडले ते लैंगिक अत्याचार होते, ही गोष्टच न्यायालयाच्या दप्तरातून पुसली गेली. शिक्षा कमी झाली तरी गुन्हा नोंदीत राहतो; आरोपाचे कलमच बदलले की उद्या कोणी कागद पाहिला तरी त्याला काही कळत नाही.

आता याच्या उलट टोकाचे उदाहरण घ्यावे. स्टॅनफर्ड विद्यापीठाचा जलतरणपटू ब्रॉक टर्नर याच्या प्रकरणाचा उल्लेख अशा चर्चेत सर्वांत आधी येतो, पण तिथे सौदा झालाच नव्हता. खटला पूर्ण चालला. शुद्धीत नसलेल्या तरुणीवर जानेवारी २०१५ मध्ये केलेल्या अत्याचाराबद्दल ज्यूरीने मार्च २०१६ मध्ये त्याला तिन्ही गंभीर आरोपांत दोषी ठरवले. सरकारी पक्षाने सहा वर्षांची शिक्षा मागितली होती. न्यायाधीश ॲरन पर्स्की यांनी, तुरुंगवासाचा या तरुणावर फार कठोर परिणाम होईल असे कारण देत, सहा महिने दिले आणि तीन महिन्यांत तो बाहेर आला. त्याच्या वडिलांनी न्यायालयाला लिहिलेल्या पत्रात, वीस मिनिटांच्या कृत्यासाठी मुलाला फार मोठी किंमत मोजावी लागते आहे, असा सूर होता. त्याला आता पूर्वीसारखे चवीने जेवतासुद्धा येत नाही, ही तक्रारही त्यात होती. पीडितेने, म्हणजे पुढे स्वतःचे नाव जाहीर केलेल्या शनेल मिलर यांनी, न्यायालयात वाचलेल्या निवेदनात एक तपशील सांगितला आहे. आपल्यावर नेमके काय घडले हे त्यांना वर्तमानपत्रातल्या बातमीतून कळले, आणि त्या वर्णनाच्या शेवटी, त्याच बातमीत, आरोपीच्या पोहण्याच्या वेळा छापलेल्या होत्या.

त्या वेळा तिथे कशासाठी होत्या, या प्रश्नात मला सगळा विषय दिसतो. बातमीदाराने त्या कदाचित सवयीने टाकल्या असतील. पण न्यायासनावर बसलेला माणूसही तीच सवय घेऊन बसला असेल, तर गुन्हेगाराचे हुकलेले ऑलिंपिक हे एक नुकसान म्हणून मोजले जाते आणि तिचे गेलेले दिवस मोजायला परिमाणच उरत नाही. शंभर मीटर किती सेकंदांत पोहला हे सांगता येते; रात्री दार दोनदा तपासल्याशिवाय झोप येत नाही, हे कोणत्या एककात सांगायचे?

तिसरे उदाहरण वरच्या दोन्हींना छेद देणारे आहे, आणि सौदा म्हटले की मुठी आवळणाऱ्यांनी ते जरूर लक्षात घ्यावे. अमेरिकी जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर (हा खेळाडू नव्हता, पण खेळाच्या छत्राखालीच वाढला) याने मिशिगनमध्ये गुन्ह्याची कबुली दिली ती सौदा करूनच. मात्र त्या सौद्याची एक अट अशी होती की ज्यांच्यासंबंधी स्वतंत्र आरोप ठेवलेले नाहीत अशा तक्रारदारांनाही शिक्षेच्या सुनावणीत बोलता येईल. जानेवारी २०१८ मध्ये सात दिवस ती सुनावणी चालली, १५६ जणींची निवेदने झाली आणि न्यायाधीश रोझमेरी ॲक्विलिना यांनी ४० ते १७५ वर्षांची शिक्षा दिली. पूर्ण खटल्यातल्या उलटतपासणीच्या यातना त्यांना सोसाव्या लागल्या नाहीत.

म्हणजे खटला चालूनही अन्याय होऊ शकतो आणि सौदा होऊनही न्याय मिळू शकतो. पाहायचे ते एवढेच की वाटाघाटीच्या वेळी पीडितेला कोणी विचारले का, आणि तराजूत आरोपीचे क्रीडाकौशल्य टाकले गेले का. लोकांच्या संतापाने हे दोन प्रश्न धरून ठेवले, तर त्याचा उपयोग होईल. नुसती वर्षे मोजत बसला तर तो पुढच्या बातमीपर्यंत टिकणार नाही.

आता आपल्याकडचे समाधान. भारतीय न्यायव्यवस्थेला असे सौदे पहिल्यापासून नकोसे होते. १९८० मध्ये कासमभाई शेख प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यावर कडक ताशेरे ओढले होते. पुढे विधी आयोगाच्या १४२व्या अहवालाने वारे फिरले, २००५ च्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेत प्ली बार्गेनिंगचे, म्हणजे अशाच सौद्याचे, स्वतंत्र प्रकरण आले आणि जुलै २००६ पासून ते लागू झाले. सात वर्षांपेक्षा जास्त शिक्षेचे गुन्हे आणि स्त्रिया व बालकांविरुद्धचे गुन्हे त्यातून वगळलेले आहेत, आणि तिच्या जागी जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनेही हे अपवाद कायम ठेवले आहेत. कागदावर पाहिले तर डीट्रिचसारखा सौदा मुंबईत होऊच शकत नाही.

तरीही २०११ मध्ये, बलदेव सिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात, सामूहिक बलात्काराबद्दल दहा वर्षांची शिक्षा झालेल्या तिघांना सर्वोच्च न्यायालयाने सुमारे साडेतीन वर्षांच्या भोगलेल्या शिक्षेवर सोडले. पक्षकारांमध्ये तडजोड झाली होती, घटना जुनी होती, आणि प्रत्येकाने पीडितेला पन्नास हजार रुपये द्यावेत असा आदेश झाला. कायद्यात तेव्हा ‘पुरेशा आणि विशेष कारणांसाठी’ किमान शिक्षेच्या खाली जाण्याची मुभा होती, तिचा हा उपयोग. बलात्कारविषयक कायद्यात बदल सुचवणाऱ्या न्यायमूर्ती वर्मा समितीनंतर २०१३ मध्ये ती मुभाच काढून टाकण्यात आली; त्याच वर्षी शिंभू प्रकरणात आणि २०१५ मध्ये मदनलाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की बलात्काराच्या खटल्यात तडजोडीला थारा नाही. इतके होऊनही नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच न्यायालयाला पुन्हा एक आदेश रद्द करावा लागला: राजस्थानात एका शिक्षकाविरुद्ध अल्पवयीन विद्यार्थिनीच्या लैंगिक छळाची तक्रार होती, कुटुंबाशी ‘समझोता’ झाला म्हणून उच्च न्यायालयाने गुन्हाच रद्द केला होता. शिक्षकाच्या जागी प्रशिक्षक ठेवून ही हकिगत वाचली तर ती कोणत्याही मैदानावरची वाटेल.

कायद्याने पुढचे दार बंद केले की व्यवहार मागच्या दाराने होतो, आणि आपला व्यवहार न्यायालयात पोहोचण्याआधीच उरकलेला असतो. डीट्रिचमध्ये जे सरकारी वकिलाने लेखी केले, ते इथे पोलीस ठाण्यातल्या टेबलावर, कलम कोणते लावायचे या टप्प्यावर, होऊ शकते. बलात्काराला आता किमान दहा वर्षे आहेत, सोळा वर्षांखालील मुलीच्या बाबतीत वीस. विनयभंगाला एक ते पाच. या दोन कलमांमधल्या अंतरात किती दबाव, किती विनवण्या आणि किती ‘मुलीच्या भल्याचे’ सल्ले मावतात, हे ज्याने एकदा तरी कोणाबरोबर ठाण्याच्या बाकावर रात्र काढली आहे त्याला सांगावे लागत नाही. त्यातूनही गुन्हा योग्य कलमाखाली नोंदला गेला, तर खटला उभा राहीपर्यंत वर्षे जातात, मुलीचे लग्न ठरते, कुटुंब दुसरीकडे राहायला जाते, आणि मग साक्षीदार फितूर झाला एवढीच नोंद होते. अमेरिकेतला सौदा निदान न्यायाधीशापुढे वाचला जातो आणि त्यावर राग काढता येतो. आपल्या सौद्याचा कागदच नसल्याने त्यावर चिडायचे तरी कसे?

खेळाच्या क्षेत्रात अधिकाराच्या खुर्चीला किती स्वस्तात सुटता येते, याचे आपले उदाहरण जुने असले तरी विसरण्यासारखे नाही. १९९० मध्ये हरियाणा लॉन टेनिस संघटनेचे अध्यक्ष आणि पोलीस महानिरीक्षक असलेल्या एस. पी. एस. राठोड यांनी रुचिका गिरहोत्रा या चौदा वर्षांच्या टेनिसपटूचा विनयभंग केला. तिला शाळेतून काढण्यात आले, तिच्या भावावर गुन्ह्यांमागून गुन्हे दाखल झाले, १९९३ मध्ये तिने आत्महत्या केली. शिक्षा झाली ती डिसेंबर २००९ मध्ये: सहा महिने आणि एक हजार रुपये दंड. लगेच जामीन मिळवून हसत बाहेर पडणाऱ्या राठोड यांचे दृश्य देशाने पाहिले आणि संतापाची लाट उसळली. अपिलात शिक्षा दीड वर्षाची झाली, आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवून ती पुन्हा भोगलेल्या सुमारे सहा महिन्यांवर आणली, वय लक्षात घेऊन. तरुण असला तर भविष्य पाहून सूट, म्हातारा झाला तर वय पाहून सूट.

मुंबईपुरते बोलायचे तर हा तराजू आपण मुलांच्या हाती फार लवकर देतो. ओव्हल मैदानाच्या पूर्वेला, रस्ता ओलांडला की जुन्या सचिवालयाच्या इमारतीत सत्र न्यायालय आहे. तिथल्या विशेष न्यायालयांत बालकांवरील अत्याचाराचे खटले चालतात. रस्त्याच्या अलीकडे सुट्टीच्या दिवशी इतके सामने एकाच वेळी सुरू असतात की एका संघाचा डीप मिडविकेट दुसऱ्याच्या कव्हरला पाठ लावून उभा असतो, आणि कडेला किटबॅगांवर बसलेले पालक प्रत्येक धावेचा हिशेब ठेवत असतात. हॅरिस किंवा गाइल्स शील्ड या शालेय क्रिकेट स्पर्धांमध्ये ज्या मुलाने मोठी खेळी केली, त्याची उशिरा आलेली असाइनमेंट चालते, वर्गातल्या मुलीला उद्देशून केलेली शेरेबाजी ‘त्याच्या मनात तसे काही नसते’ म्हणून चालते. यातला प्रत्येक मुलगा गुन्हेगार होतो असे कोणी म्हणणार नाही. पण एखाद्याने खरोखरच गुन्हा केला, तर त्याच्या भोवतालच्या मोठ्या माणसांना सूट देण्याचा सराव आधीच झालेला असतो. मैदानावरच्या मुलींच्या वाट्याला याची दुसरी बाजू येते: निवड, नेट, प्रवास आणि शिफारस ही सगळी दोन-चार माणसांच्या हातात असताना तक्रार करणे म्हणजे हंगामावर पाणी सोडणे, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही.

मग शिक्षा वाढवा, ही लोकांची मागणी स्वाभाविक आहे; मला ती अर्धवट वाटते. टर्नर प्रकरणानंतर कॅलिफोर्नियाने शुद्धीत नसलेल्या व्यक्तीवरील अत्याचारालाही तुरुंगवास सक्तीचा केला आणि जून २०१८ मध्ये मतदारांनी पर्स्की यांना पदावरून परत बोलावले. त्या राज्यात न्यायाधीशाला असे काढण्याची वेळ १९३२ नंतर पहिल्यांदाच आली होती. त्या मोहिमेला तिथल्या अनेक सरकारी बचाव वकिलांचा विरोध होता. लोकांच्या रागाला घाबरणारा न्यायाधीश पुढच्या वेळी कठोर होतो तो श्रीमंत जलतरणपटूशी नाही, तर ज्याच्या बाजूने कोणी पत्र लिहीत नाही अशा गरीब आरोपीशी, हे त्यांचे म्हणणे मला पटते. आपल्याकडे दहा वर्षांची किमान शिक्षा आहेच. ती जितकी वर जाते तितकी ‘पोराचे आयुष्य बरबाद होईल’ या विनवणीची धार ठाण्यात वाढते. संतापाला घाईही असते. ब्राझीलचा फुटबॉलपटू दानी आल्वेस याला फेब्रुवारी २०२४ मध्ये बार्सिलोनात साडेचार वर्षांची शिक्षा झाली, आणि दीड लाख युरो आधीच भरपाई म्हणून जमा केल्यामुळे ती कमी झाल्याचे कळताच लोक खवळले. पैशाने शिक्षा घटावी याविरुद्धचा तो राग योग्यच होता. मात्र मार्च २०२५ मध्ये वरच्या न्यायालयाने पुरावा अपुरा ठरवून दोषसिद्धीच रद्द केली. राग प्रक्रियेवर असेल तर असा निकाल आला तरी तो खोटा पडत नाही.

आपल्या प्रक्रियेतले एक मोठे भोक मात्र क्वचितच चर्चेत येते. २००९ च्या अखेरीस पीडिताला अपिलाचा हक्क मिळाला: आरोपी सुटला, कमी गंभीर गुन्ह्यात दोषी ठरला किंवा भरपाई अपुरी वाटली, तर ती व्यक्ती स्वतः वरच्या न्यायालयात जाऊ शकते. शिक्षा अपुरी वाटली तर मात्र जाता येत नाही. २०२० मध्ये परविंदर कन्सल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. तो अधिकार सरकारचा. म्हणजे सरकारी पक्ष स्वस्थ बसला तर सौम्य शिक्षा पचून जाते आणि जिच्यावर अत्याचार झाला ती प्रेक्षक राहते. २०२३ मध्ये संहिता नव्याने लिहिताना हे दुरुस्त करता आले असते, पण जुनी तरतूद तशीच कलम ४१३ मध्ये उतरवली गेली. शिक्षेच्या सुनावणीत पीडितेचे निवेदन ऐकावे, असे न्यायमूर्ती लोकूर यांनी २०१८ च्या मल्लिकार्जुन कोडगली निकालात सुचवले होते. त्यालाही बंधनकारक रूप आलेले नाही. सौम्य शिक्षांविरुद्ध मोर्चा काढायचा असेल तर तो या दोन मागण्यांसाठी निघावा.

राहिला प्रश्न पुनर्वसनाचा, आणि तो टाळता येणार नाही. बारा वर्षांच्या मुलीवरील बलात्काराची कबुली दिलेला डच बीच व्हॉलीबॉलपटू स्टीव्हन व्हान डी व्हेल्डे याला २०१६ मध्ये इंग्लंडमध्ये चार वर्षांची शिक्षा झाली, एकूण सुमारे वर्षभर तुरुंगात काढून, मायदेशी पाठवल्यावर तो सुटला आणि २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये देशाच्या वतीने खेळला. प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. शिक्षा भोगून आलेल्या माणसाला काम मिळावे, घर मिळावे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु राष्ट्रीय संघातली जागा हा उपजीविकेचा हक्क नव्हे, तो सन्मान आहे, आणि तो देणाऱ्या संघटनेला स्वतःचे निकष लावण्याची पूर्ण मोकळीक असते. टर्नरला न्यायालयाने सहा महिने दिले, पण अमेरिकी जलतरण संघटनेने त्याला कायमची बंदी घातली. न्यायालयाच्या सौम्यतेशी जुळवून घेण्याची तिला गरज भासली नाही.

आपल्या संघटनांनाही ती गरज नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात क्रीडासंस्था, स्टेडियम आणि स्पर्धेची जागा यांचा स्पष्ट समावेश आहे. तरीही कुस्तीगिरांच्या आंदोलनाच्या काळात, मे २०२३ मध्ये, अंतर्गत समित्या नीट नसल्याच्या बातम्यांवरून राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला क्रिकेट मंडळासह अनेक महासंघांना नोटिसा धाडाव्या लागल्या. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने सुरक्षित क्रीडा धोरण आवश्यक केले आहे, त्याची अंमलबजावणी दिल्लीतून होईल तेव्हा होईल. मुंबईतले क्लब, जिमखाने आणि जिल्हा संघटना यांना एक गोष्ट आजच करता येईल. आरोपी खेळाडू जामिनासाठी किंवा सौम्य शिक्षेसाठी न्यायालयापुढे उभा राहतो तेव्हा त्याच्या वकिलाच्या फायलीत प्रशिक्षकाचे आणि क्लबच्या सचिवाचे चारित्र्याचे दाखले असतात. संस्थेच्या लेटरहेडवर असा दाखला कोणीही देणार नाही, असा ठराव करायला कायदादुरुस्ती लागत नाही. तो पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर कोणताही सभासद मांडू शकतो.